रुमाल टाकलेली जागा

आमच्या गावाचं नाव पूर्णा आणि इथं कुणाचाच प्रवास पूर्ण होत नाही. परभणीकडून आलेला माणूस वसमत-हिंगोलीला जायचं म्हणून उतरतो, अकोल्याकडून आलेला नांदेडची गाडी शोधत जिना चढतो, आणि ज्याला खरोखर पूर्णेलाच यायचं होतं असा एखादा चुकून भेटलाच, तर तो बहुधा रेल्वेत नोकरीला असतो. ज्या नदीवरून गावाला हे नाव मिळालं तिचीही तीच तऱ्हा. अजिंठ्याच्या डोंगरातून पूर्णा म्हणून मोठ्या तोऱ्यात निघते, शे-दोनशे कोस वळसे घेते आणि कंठेश्वराजवळ गोदावरी भेटली की सासरी आलेल्या मुलीसारखी आपलं नाव मुकाट्यानं उंबऱ्याबाहेर ठेवते. 1900 च्या सुमाराला निजामाच्या राज्यातून मनमाडकडे मीटरगेजचे रूळ टाकणाऱ्यांनी पुढं इथं जंक्शन केलं तेव्हा गावाच्या नावाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नसावा. सांगितला असता तर त्यांनी दुसरं ठिकाण शोधलं असतं. किंवा, साहेब लोकांचं सांगता येत नाही, मुद्दाम हेच निवडलं असतं.

सांगायचं हे की, वाट पाहणं या एका विषयात आम्ही पूर्णेकर पदवीधर आहोत. वाट पाहण्याचे आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगांसारखे प्रकार आहेत: एकदाणी, दोनदाणी, पोचट. सिग्नल पडायची वाट, पडलेल्या सिग्नलनंतर गाडीची वाट, आणि आलेली गाडी हलायची वाट. मीटरगेजच्या काळात तर वाट पाहणाऱ्यांची बिऱ्हाडंच फलाटावर असत. चुलता-पुतण्याची भाऊबंदकी रात्री अकराला सुरू होऊन पहाटे गाडीच्या शिट्टीबरोबर मिटलेली मी पाहिली आहे, आणि एक सोयरीक तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जमली, असं आमची आजी सांगे. ती तिचीच असावी असा मला दाट संशय आहे.

माझा जन्मही या गावच्या रीतीनुसारच झाला. दाई वसमतकडच्या एका खेड्यातली. सांगावा मिळताच ती संध्याकाळच्या गाडीनं आली, पाय धुऊन स्वयंपाकघरात चुलीशी बसली, सुपारी कातरली आणि मग बसूनच राहिली. गाडी वेळेवर, दाई वेळेवर; उशीर केला तो मी. एक रात्र गेली, दुसरा दिवस मावळला. घरातले पुरुष ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. आत्या दर घटकेला आत डोकावून, “काही करा ना हो,” म्हणत होती. दाई म्हणे फक्त एकदाच वर पाहून बोलली, “करायचं ते ती बाय करतीया. म्या बसलेय.” आजीनं तेवढ्यात ओसरीवर जाऊन पुरुषांची समजूत घातली, “जंक्शनचं पोरगं हाय, क्रॉसिंगला थांबलं आसंल.” ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की, ती मला आठवते असंच वाटतं. त्यातलं सगळ्यात स्पष्ट चित्र माझ्या आईचं नाही, माझं तर नाहीच. चुलीच्या उजेडात हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेल्या त्या दाईचं आहे.

ते चित्र एकदा अचानक मुंबईत समोर आलं. देवगिरी एक्स्प्रेस सकाळी सकाळी बोरीबंदरला आणून सोडते आणि ज्या कचेरीत आपलं काम असतं ती अकराशिवाय उघडत नाही. मधले तास पूर्णेकरानं कुठं घालवायचे? मी आझाद मैदानाच्या बाजूनं रमतगमत निघालो आणि एका जुन्या दगडी इमारतीपाशी थबकलो. नाव कामा हॉस्पिटल. मराठी कानाला वाटतं, कामाचं म्हणून कामा. बिनकामाचंही एखादं शेजारी असेल. प्रत्यक्षात पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे इस्पितळ 1886 मध्ये उघडलं, बायका-मुलांसाठी, आणि त्यात डॉक्टरही बायकाच. परपुरुष वैद्यानं नाडी पाहण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या घरंदाज बायका त्या काळी कमी नव्हत्या. त्यांच्यासाठी ही सोय. फाटकाशी बरीच माणसं होती. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात दुपट्याची घडी, एक सासरेबुवा स्वतःचीच टोपी काढून तिच्या आत पाहत होते. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पूर्णा जंक्शन होतं. मी त्यांच्यात जाऊन अर्धा तास उभा राहिलो. कुणी विचारलंही नाही. वाट पाहणाऱ्यांच्या घोळक्यात ओळख लागत नाही.

या इस्पितळाची धुरा 1928 पासून 1947 पर्यंत ज्यांच्या हाती होती त्या डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दल मी नंतर वाचलं, आणि वाचताना मला सतत ती वसमतकडची दाई दिसत राहिली. एक लंडनची एम.डी., दुसरीला अंगठ्यापुरतंही अक्षर नाही. तुलना दोघींनाही आवडली नसती. पण दोघीही आता ऐकायला नाहीत, म्हणून करतो.

आधी नावाकडे पाहू. झिराड हे अलिबागजवळचं गाव. कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून नवगावाशी लागलेले सात पुरुष आणि सात बायका, त्यांची पुढं वाढलेली बेने इस्राएल ज्यूंची वस्ती, अशी त्यांच्यातली परंपरागत कथा. ज्या गावात राहिले त्या गावाला त्यांनी ‘कर’ लावला आणि आडनाव केलं: पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. जगभर विखुरलेल्या ज्यू समाजानं ठिकठिकाणी काय काय जपलं असेल ते असो, पण ‘कर’ लावल्याशिवाय माणूस सुटा दिसतो हे मराठी शहाणपण इतक्या मनापासून उचललेलं मला दुसरीकडे दिसत नाही. झिराड मंडळींच्या नावातला ‘कर’ तेवढा वाटेत कुठंतरी उतरून गेला. बहुधा गाडी बदलताना.

गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत. बैलालाही सुट्टी. शेजाऱ्यांनी त्यावरून त्यांना नाव दिलं शनवार तेली. हिब्रू विसरली, ग्रंथ हरवले, मराठीखेरीज भाषा उरली नाही, पण आठवड्यातला एक दिवस या माणसांनी घट्ट धरून ठेवला; जसा एखादा प्रवासी सगळं सामान गमावतो आणि तिकीट तेवढं मुठीत राहतं. आता गंमत बघा. ज्यांची सगळी ओळखच ‘शनिवारी बंद’ या पाटीत मावत होती, त्यांच्यातली एक मुलगी निघाली ती नेमकी असल्या धंद्यात शिरली की जिथं शनिवार नाही, रविवार नाही, दिवाळी नाही आणि रात्रही नाही. कुठलंही मूल आजवर पंचांग पाहून आलेलं नाही. मला वाटलं, यात केवढी ओढाताण झाली असेल! पण ज्यूंच्या मिश्ना या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या संहितेत या प्रश्नाचा निकाल कधीच लागून गेला आहे. शब्बाथच्या दिवशी बाळंतिणीची सुटका करावी, तिच्यासाठी दुसऱ्या गावाहून सुईण बोलवावी, तिच्यापायी शब्बाथ मोडला तरी मोडू द्यावा, असा स्पष्ट आशय त्यात आहे. ज्या पंडितांनी शनिवारी कुठली गाठ मारावी आणि कुठली मारू नये यावर पानंच्या पानं खल केला, ते सुईणीपुढं आले आणि बाजूला सरकले. जगातला हा पहिला हिरवा सिग्नल असावा.

विषय रेल्वेचा निघालाच आहे तर आणखी एक सांगून टाकतो. मुंबईत मस्जिद नावाचं स्थानक आहे. ती मशीद मुसलमानांची नसून ज्यूंची, असं सांगतात. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. शमुवेल इझेकिएल दिवेकर नावाचे एक बेने इस्राएल सेनाधिकारी टिपूच्या कैदेत सापडले. सुखरूप सुटलो तर देवाचं घर बांधीन, असं ते बोलले होते, आणि सुटल्यावर 1796 मध्ये त्यांनी ते बांधलंही. आपल्याकडे कैदेतून सुटलेल्यांनी बांधलेल्या देवळांची कमतरता नाही. पण एका दिवेकरांच्या नवसाचं लोकल गाडीचं स्टेशन व्हावं आणि रोज हजारो माणसांनी तिथं काही ठाऊक नसताना चढावं-उतरावं, ही गोष्ट आम्हा जंक्शनवाल्यांना फार आवडते.

तर जेरुशाबाई. जन्म म्हैसूर संस्थानातल्या शिमोग्याचा, शाळा पुण्याची हुजूरपागा. तिथंच रिबेका रूबेन. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आली ती हीच, आणि पुढं मुंबईतल्या ज्यू मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन तिनं तिथं पिढ्या घडवल्या. एका शाळेच्या अंगणातून दोन मुली निघाल्या. एकीनं जन्माला घालायचं खातं घेतलं, दुसरीनं जन्माला आलेल्यांचं. कामाची इतकी स्वच्छ वाटणी सख्ख्या जावांत होत नाही. जेरुशाला डॉक्टर व्हायचं होतं त्याचं कारण घरातलंच. बहीण आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलातल्या बेन्सन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. लहानपणी आपण सगळेच असं काहीतरी ठरवतो. मी इंजिन ड्रायव्हर होणार होतो. फरक एवढाच की ही मुलगी ठरवल्यासारखी ग्रँट मेडिकल कॉलेजात गेली, मग महायुद्धाच्या धामधुमीत लंडनला, आणि 1919 मध्ये तिथली प्रसूतिशास्त्रातली एम.डी. घेऊन परतली. दिल्ली, बंगळूर करत शेवटी बहिणीला वाचवणाऱ्या त्याच इस्पितळात मुख्य होऊन आली. जिथं वाट पाहत बसली होती तिथंच स्टेशनमास्तर होऊन यावं तसं.

आणि नाव कुणी ठेवलं असेल? जुन्या करारात जेरुशा येते ती जेमतेम एका ओळीपुरती: योथाम राजाची आई, सादोकाची लेक, एवढीच. तिनं काय केलं, काय सोसलं, काही नाही. फक्त कुणाची तरी आई. बाळंतिणींच्या डॉक्टरला याहून चपखल नाव आमच्या गावच्या जोश्यालाही सुचलं नसतं, आणि त्याला पुष्कळ सुचे.

प्रसूतिशास्त्र शिकवणं हे मला मोठं विनोदी काम वाटतं. इतर डॉक्टर काय करायचं ते शिकवतात. इथं अर्धं शिक्षण न करण्याचं. हातात चाकू आहे, चिमटा आहे, पदवी ताजी आहे, बाई ओरडते आहे, बाहेर नातेवाईक दार ठोठावताहेत, आणि मास्तरीण सांगते, थांब. नाडी बघ, ठोके ऐक, हात धुऊन तयार ठेव, आणि थांब. मग एक क्षण येतो की त्यानंतर थांबणं हाच गुन्हा. तो क्षण पुस्तकात छापता येत नाही. तो शेजारी उभं राहून दाखवावा लागतो. कामाच्या वॉर्डांतून शिकून बाहेर पडलेल्या मुली पुढं कुठं कुठं गेल्या असतील, त्यांच्यापासून आणखी कुणी ते थांबणं उचललं असेल. पट्टीचे वाजंत्री दोन सुरांमधली जागा शिकवतात म्हणे. ही त्यातलीच तालीम.

आमच्या दाईला यातली पहिली अर्धी विद्या येत होती. दुसरी अर्धी येत नव्हती. हे लिहिताना हात जरा जड होतो. आजीची धाकटी बहीण ‘बाळंतपणात गेली’. आमच्या घरात तिच्याबद्दल एवढे दोनच शब्द होते. कशानं गेली, किती वेळ झाला होता, गाडी मिळाली असती तर वाचली असती का, हे कुणी विचारलं नाही. पुरात गेली, देवीत गेली, तशी बाळंतपणात गेली. जणू बाळंतपण हे गोदावरीपलीकडचं एखादं गाव आणि ती तिथं नांदायला गेली. तिचं नावही मला माहीत नाही. आजी तिला धाकली म्हणे.

डॉ. झिराडांनी 1937-38 मध्ये मुंबई शहरातल्या अशा ‘गेलेल्या’ बायकांचा शोध घ्यायला सुरुवात केली आणि 1941 मध्ये त्याचा अहवाल छापून आला: मुंबई शहरातील मातामृत्यूंची कारणे. कारणे! त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. सगळा जन्म जिनं पाळण्यांच्या हिशोबात घालवला, तिनं बसून उलट बाजूचं खातं लिहून काढलं. धाकलीचं गाव या अहवालात नाही, असायचं कारण नाही; मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, मुंबई परमुलुख, मनमाडला सामान डोक्यावर घेऊन मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये चढल्याशिवाय कामापर्यंत पोचायचं कुणी नाव काढलं नसतं. तरी मला वाटून जातं की, जगात कुणीतरी एकदा वही-पेन्सिल घेऊन ‘कशानं?’ असं विचारलं होतं, ते थोडंसं तिच्याबद्दलही होतं.

मानसन्मान झाले. 1945 मध्ये इंग्रज सरकारचा एम.बी.ई., 1966 मध्ये आपल्या सरकारची पद्मश्री. त्याच्या कितीतरी आधी, 1913 मध्ये, त्यांनी बेने इस्राएल स्त्रियांचं स्त्री मंडळ काढलं होतं, आणि लंडनमध्ये उदारमतवादी ज्यूंचे विचार ऐकून आल्या त्याचं 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन झालं. म्हणजे धर्मातही सुईणपणच. नव्वदी ओलांडून गेल्या. त्यांच्याच समाजातले आणखी एक डॉक्टर, एलिजा मोझेस, 1937 साली मुंबईचे महापौर झाले आणि पुढं महालक्ष्मीजवळचा रस्ता होऊन बसले. रस्ता झालेल्या माणसाचं बरं असतं, टॅक्सीवाला का होईना रोज नाव घेतो. मूल मात्र कुणी हातात घेतलं ते मुलाला आठवायची सोयच निसर्गानं ठेवलेली नाही. मुंबईत म्हातारपणाला टेकलेली कितीतरी माणसं आज भाजी निवडत, नातवाला शाळेत सोडत फिरत असतील, ज्यांना जगात सगळ्यात आधी पाहिलं ते कामातल्या कुणा डॉक्टरीणबाईंनी. त्यांना पत्ता नाही. मलाही माझ्या दाईचं नाव विचारायला पस्तीस वर्षं लागली, आणि तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

ज्यूंमध्ये मुलाची सुंता होते तेव्हा एक खुर्ची रिकामी ठेवतात. ती एलिया संदेष्ट्याची, बेने इस्राएल ज्याला एलियाहू हनाबी म्हणतात. तो येणार, असं धरून चालायचं. कोकणातल्या या मंडळींचं त्याच्यावर भारी प्रेम. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, असं मानतात. नवस फेडायला मलिद्याचं ताट करतात, त्यात गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं. आपल्या पोह्यांना बायबलमधला संदेष्टा भेटावा, ही पोह्यांच्या कुळातली केवढी बढती. स्वातंत्र्याच्या वेळी ही माणसं विसेक हजार होती. बरीचशी नंतर इस्राएलला गेली. तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इकडे राहिलेल्यांचे आकडे आता पाच हजारांच्या आतले. पण खुर्ची ठेवतात, दोन्हीकडे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, हे तर आपलंच. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं! पूर्णेच्या फलाटावर ज्याला हे जमत नाही त्याला मुलगी देत नाहीत. फक्त आमचा रुमाल पाच मिनिटं टिकला तरी खूप. भांडण होतं, रुमाल खाली पडतो, त्यावर कुणीतरी बसतं. यांनी इतक्या पिढ्या रुमाल टाकून ठेवलाय आणि त्या जागेवर कुणी बसलेलं नाही.

परवा शनिवारी रात्री अकोल्याकडच्या गाडीसाठी फलाटावर होतो. एकाच बाकड्यावर जागा मिळाली, आणि चहा आणायला जाताना मी सवयीनं तिथं रुमाल टाकला. चहा घेऊन परत आलो तर बाकड्यापाशी एक म्हातारी उभी, हातात वळकटी, मागं तिची लेक, आणि लेकीच्या कुशीत गोधडीत गुंडाळलेलं सात-आठ दिवसांचं काहीतरी लाल, सुरकुतलेलं, नुकत्याच उघडलेल्या पत्रासारखं. बाकीची माणसं पाय पसरून बसली होती. म्हातारी रुमालाकडे बघत म्हणाली, “कुणी यायचं हाय का हितं?”

“आलं की,” मी म्हणालो, आणि रुमाल उचलून खिशात घातला.